हलका हात

दुकानदाराने सगळे खोके काउंटरवर मांडले आणि मला विचारलं, "जोडायला आपण कोणाला बोलावणार?"

"कोणाला नाही. मीच जोडणार आहे."

त्याने चष्म्यावरून आधी माझ्या पिकलेल्या केसांकडे पाहिलं, मग खांद्यावरच्या कापडी पिशवीकडे. "अस्सं. मग आम्ही इथे काय शोभेला बसलोय?"

"शोभा तर काही दिसत नाही," मी म्हटलं.

इतकी वर्षं पुण्यात काढल्यावर एवढं येतंच. त्यालाही ते आवडलं असावं, कारण त्याने ग्राफिक्स कार्डाचा खोका वेगळा काढून त्याला जास्तीचा कागद गुंडाळला. पिशव्या हातात देताना मात्र म्हणाला, "आपण जोडलेलं आपणच निस्तरायचं बरं का. चालू होत नाही म्हणून इथे आणू नका." आणणार नाही, असं मी सांगून आले. तो शब्द मी पाळला, पण पाळता पाळता जीव मेटाकुटीला आला.

मी निवृत्त आरेखक आहे. सरकारी खात्याच्या ड्रॉइंग शाखेत अनुरेखक म्हणून लागले. म्हणजे साहेबांनी पेन्सिलीने काढलेला नकाशा ट्रेसिंग पेपरवर शाईने उतरवून काढायचा. विदर्भातून आलेली, बौद्ध घरातली, आणि शाखेत बाई म्हणून एकटी. पहिल्याच दिवशी प्रमुख आरेखकांनी माझ्या टेबलाशी उभं राहून सांगितलं, "बाई, हात हलका ठेवा. कागद फाटला तर सगळं काम वाया." त्यांचं खोटं नव्हतं. पेन दाबलं की शाई पसरते, मग ब्लेडने खरवडत बसावं लागतं. मी हात हलका ठेवला. इतका, की पुढे किचकट नकाशे माझ्याकडेच यायला लागले आणि बढत्या शेजारच्या टेबलांवर जायला लागल्या. त्याबद्दल विचारायला गेले की तिथेही सल्ला तोच मिळायचा, शब्द फक्त वेगळे असायचे.

आता राहते धायरीला. नवरा गेल्यापासून घरात मी आणि मुलगा. तो आयटीत आहे. आमच्या वस्तीत आमच्याकडून आलेली बरीच कुटुंबं आहेत, आणि सगळ्यांनी मिळून बांधलेलं एक छोटं विहार. विहारासाठी पुन्हा वर्गणी जमली होती. त्यातून एकच काम होणार होतं आणि ते कोणतं, यावर वाद चालला होता. अध्यक्षांना रस्त्याच्या तोंडाशी मोठी कमान हवी होती. मला विहारामागच्या मोकळ्या जागेत अभ्यासिका हवी होती.

गावाकडच्या कितीतरी मुली इथे येऊन कॉट भाड्याने घेऊन राहतात, एकेका खोलीत चार-पाच जणी. कोणी परीक्षांची तयारी करते, कोणी कंपनीत कामाला जाऊन तयारी करते. खोलीत वाचणं शक्य नाही, म्हणून बस पकडून नारायण पेठेतल्या अभ्यासिकेत जायचं, खुर्चीचे पैसे भरायचे आणि अंधार पडायच्या आत परतायचं. ज्यांना ते परवडत नाही त्या आमच्या बिल्डिंगच्या जिन्यात बसतात. भाजी घेऊन वर जाताना मला त्यांची पुस्तकं ओलांडावी लागतात, आणि ती ओलांडताना माझा पाय आजही अडखळतो. आम्हाला जे काही मिळालं ते पुस्तकांतून मिळालं. आमच्याच पोरी जिन्यात बसून वाचतात आणि आम्ही कमान उभारायला निघालोय, हे मला सहन होत नव्हतं.

आधीच्या सभेत अध्यक्षांनी कमानीचं फ्लेक्सवर छापलेलं चित्र भिंतीला लावलं. निळं आकाश, पांढरे ढग, दोन्ही बाजूंना सिंह, खालून हसत चाललेली माणसं. मी माझा प्लॅन सतरंजीवर पसरला. मापं, सेक्शन, खिडक्यांच्या जागा, सगळं चोख. लोकांनी तो उलटा धरून पाहिला. एका काकांनी विचारलं, "हा जिना होय का?" ते पुस्तकांचं कपाट होतं.

बायका नेहमीप्रमाणे मागे बसल्या होत्या. अभ्यासिकेला कोण, असं विचारल्यावर त्यांनी हात वर केले, पण खांद्यापर्यंतच. कोपर अंगाला चिकटलेलं, बोटं पदराशी. बघणाऱ्याला वाटावं, पदर सावरतायत. अध्यक्षांना तसंच वाटलं. माझाही हात त्यांच्याहून फार उंच नव्हता.

"ताई, लोकायले दिसलं पायजे नं," अध्यक्ष मला नंतर म्हणाले. "तुमचा कागद कोनाले समजते? चित्र आना. पुढच्या सभेत फायनल करून टाकू."

माणूस वाईट नाही. सगळं आयुष्य कारखान्यात गेलं त्यांचं. आपण या शहरात आलो तेव्हा कोणी ओळख दाखवत नव्हतं, आता रस्त्याने जाणाऱ्याने मान वर करून पाहावं, एवढीच त्यांची इच्छा. मला ती कळते. पटत नाही, एवढंच.

चित्र पाहिजे होतं ना, मग चित्र दाखवायचं मी ठरवलं. नोकरीच्या शेवटच्या वर्षांत थ्रीडीमध्ये काम करायला शिकले होते. पण घरातला जुना कॉम्प्युटर असा, की इमारत जरा फिरवून बघायची म्हटलं तर तोवर कुकरच्या शिट्ट्या होऊन जायच्या. मुलगा म्हणाला, "आई, असेंबल वगैरे आता कोण करतं? मी तुला मस्त लॅपटॉप घेऊन देतो. नो टेन्शन." मला लॅपटॉप नको होता. उभा जन्म दुसऱ्यांच्या धरणांचे आणि पुलांचे नकाशे काढले, पण स्वतःच्या हाताने एकही गोष्ट उभी केली नाही. निदान हे यंत्र तरी मला उभं करायचं होतं.

जेवणाच्या टेबलावर जुनी चादर अंथरून मी कामाला लागले. मदरबोर्डबरोबर आलेली पुस्तिका उघडली आणि मला हसू आलं, कारण तो नकाशाच होता. कुठे काय बसतं, कोणती वायर कुठे जाते, सगळं रेघांत काढलेलं. मुलाला जे इंटरनेटवर शोधावं लागलं असतं ते मला नुसतं वाचायचं होतं. प्रोसेसर, रॅम, पॉवर सप्लाय आणि शेवटी स्क्रीनवर चित्र उमटवणारं ते जडशीळ ग्राफिक्स कार्ड, एकेक करून मी सगळं बसवलं. हलक्या हाताने.

बटण दाबलं तर काहीच झालं नाही. पंखाही हलला नाही.

"पॉवर सप्लाय गेला बहुतेक," मुलगा मागून म्हणाला. त्याला कामाला जायला सांगून मी भिंग घेतलं. पुढच्या बटणाच्या बारीक वायरी पिनांच्या एक ओळ खाली बसल्या होत्या. त्या वर घेतल्यावर पंखे फिरले, आतले दिवे लागले. स्क्रीन मात्र काळाच, सिग्नल नाही म्हणून सांगत होता. मदरबोर्डवर ग्राफिक्सच्या नावापुढे एक छोटा दिवा पेटलेला. म्हणजे बाकी सगळं ठीक, मशीनला कार्ड सापडत नव्हतं. वीज बंद करून कार्ड काढलं, पुन्हा बसवलं. चित्र आलं. मी आलं घालून चहा केला आणि तो स्क्रीनसमोर बसून प्यायले.

मग अभ्यासिकेचं थ्रीडीतलं मॉडेल उघडलं. भिंती दिसल्या, दार दिसलं. टेबलं ठेवली, खिडक्यांतून उन्हं सोडली, आणि मॉडेल फिरवायला घेतलं तोच स्क्रीन काळा. कार्डाचे पंखे मात्र मिक्सर लावल्यासारखे ओरडायला लागले. बंद करून चालू केलं तर पुन्हा सगळं नीट. साधं काम करा, पत्ते खेळा, फोटो बघा, काही तक्रार नाही. अभ्यासिका फिरवली की अंधार.

त्यानंतर सल्ले सुरू झाले. मुलाने ड्रायव्हर, म्हणजे कार्ड चालवणारे प्रोग्राम, काढले, पुन्हा टाकले, मग आणखी जुने टाकले. काही फरक नाही. त्याच्या मित्राने व्हिडिओ कॉलवर सगळं बघून सांगितलं की पॉवर सप्लाय कमी पडतोय, मोठा घ्या. शेवटी मी दुकानदाराला फोन लावला.

"मी काय म्हटलं होतं आपल्याला?" त्याने पहिलंच वाक्य टाकलं.

"आठवतंय. मी काही आणून देत नाहीये. या कार्डाला पॉवर किती लागते, एवढंच विचारायचं होतं."

"खोक्यावर लिहिलंय," म्हणून त्याने फोन ठेवला.

खोक्यावर खरंच लिहिलं होतं. ते वाचून हिशेब केला तर पॉवर सप्लाय पुरून उरत होता. दुकानदाराचा मला राग आला नाही. उलट इतक्या दिवसांत सरळ उत्तर देणारा तो एकटाच निघाला.

दळण आणायला गेले तेव्हा गिरणीपाशी अध्यक्ष भेटले. जय भीम झाल्यावर म्हणाले, "ताई, कॉम्प्युटर बिघडला म्हने तुमचा. राहू द्या नं आता. या वयात काऊन डोक्याले ताप करून घेऊन राहिल्या?"

"रविवारच्या सभेत आणते, भाऊ."

"काय आनता?"

"अभ्यासिका," मी म्हटलं आणि पिठाचा डबा उचलला. घरी येईपर्यंत माझे कान तापलेले होते. या वयात म्हणे. कोणत्या वयात करायला हवं होतं? तरुण होते तेव्हा सांगायचे, अजून नवीन आहात.

शनिवार उजाडला. मुलाला त्या शनिवारीही काम होतं, निघताना तो दारात थांबला. "आई, संडेपर्यंत हे होणार नाही. ऐक माझं. मी माझ्या लॅपटॉपवर एक सिम्पल इमेज काढून देतो, ती दाखव. तू कशाला एवढं लावून धरतेस?"

तो मायेने बोलत होता, हे मला कळत होतं आणि म्हणूनच जास्त चीड आली. शाखेतले साहेब, अध्यक्ष आणि आता पोटचा मुलगा, सगळे एकाच सुरात. जास्त जोर लावू नकोस. मी त्याला म्हटलं, "तू जा. बसला गर्दी असते." दार लावून घेतलं आणि टेबलाशी येऊन बसले.

आमच्या शाखेत चेक प्रिंट नावाची एक पद्धत होती. नकाशा पूर्ण झाला की त्याची प्रत काढायची, प्रत्येक रेघ मूळ कागदाशी ताडून बघायची आणि बरोबर असेल तर तिच्यावर पिवळी पेन्सिल फिरवायची. बरोबर वाटते म्हणून फिरवायची नाही, ताडल्यावरच. सगळं झालं की जी रेघ पांढरी राहते तिथे चूक. या पद्धतीने मी साहेबांच्या कितीतरी चुका पकडल्या होत्या, आणि त्या त्यांनीच पकडल्याचं वर कळवलं जायचं. ते जाऊ दे.

खालच्या झेरॉक्सवाल्याकडून पुस्तिकेतल्या आकृत्या मोठ्या करून आणल्या. मशीनची वायर भिंतीतून काढली, बाजूचा पत्रा उघडला आणि पिवळी पेन्सिल घेऊन एकेक जोड ताडायला लागले. वायर, प्लग, स्क्रू. कागद हळूहळू पिवळा होत गेला. कार्डाला वीज देणाऱ्या प्लगपाशी आले. आकृतीत प्लग अडकवून धरणारा आकडा खाचेच्या पूर्ण पलीकडे गेलेला होता आणि प्लग नि कार्ड यांच्यामध्ये फटच काढलेली नव्हती. माझ्याकडेही नजरेला तसंच दिसत होतं. पण नजरेवर पिवळी पेन्सिल फिरवायची नसते.

मी कपाटातून ट्रेसिंग पेपर काढला. निवृत्त होताना उरलेली गुंडाळी मी घरी आणली होती, टाकवली नाही. त्याची एक बारीक पट्टी कापली आणि बसवलेल्या प्रत्येक जोडात घालून पाहिली. इतर ठिकाणी पट्टी अडली. त्या प्लगपाशी ती आत सरकली. कार्ड ज्या खाचेत बसतं, तिच्या टोकालाही सरकली.

म्हणजे सगळं जागेवर होतं आणि काहीच बसलेलं नव्हतं. साधं चित्र दाखवण्यापुरतं कार्ड टेकलेलं होतं. खरं काम सांगितलं, जास्त वीज लागली, की जोड सुटत होता. बिघाड कुठल्याच वस्तूत नव्हता. तो माझ्या हातात होता. ज्या हाताची शाखेत सगळे वाहवा करायचे, त्या हाताने मी कार्डाला नुसता स्पर्श करून सोडलं होतं.

अंगठा प्लगवर ठेवला आणि दाबला. प्लग थोडा आत गेला, आणि माझा हात आपोआप थांबला. नेहमी तिथेच थांबायचा. त्या क्षणी मला इतका संताप आला की डोळ्यांत पाणी उभं राहिलं. कागद नाहीये हा, मी मोठ्याने म्हटलं. घरात कोणी नव्हतं. मी उभी राहिले, खांद्यातून जोर आणला आणि दाबलं.

टक् असा आवाज झाला. तो इतका स्पष्ट होता की याआधी तो कधी आलाच नव्हता, हे मला तेव्हा समजलं. मग दोन्ही हातांनी कार्डाची कड धरून तिलाही दाबलं. बोर्ड जरा वाकला, मी सोडलं नाही, आणि दुसरा टक् आला. पट्टी आता कुठेच जात नव्हती. कागदावरच्या शेवटच्या दोन रेघा पिवळ्या केल्या.

अभ्यासिका फिरली. डावीकडे, उजवीकडे, वरून, आतून. टेबलांवर ऊन पडलं, मी सूर्य सरकवला तसं ते भिंतीवर चढलं. स्क्रीन काळा झाला नाही.

संध्याकाळी मुलाला खुर्चीत बसवून मीच माऊस त्याच्या हातात दिला. त्याने बराच वेळ फिरवून पाहिलं. "काय प्रॉब्लेम होता?"

"जोर लावला नव्हता."

"एवढंच?"

"एवढंच," मी म्हटलं, पण ते एवढंसं नव्हतं हे त्याला कसं सांगायचं ते मला कळेना.

रविवारी मी अख्खं मशीन विहारात नेलं. चित्र छापून नेता आलं असतं. पण छापलेल्या चित्राला कोणी काही विचारलं तर ते बदलत नाही, आणि मला लोकांनी विचारायला हवं होतं. रिक्षात मुलाने कॅबिनेट मांडीवर धरलं होतं. रस्ता खणलेला, प्रत्येक खड्ड्याला तो माझ्याकडे बघत होता. वंदना झाली, सगळे सतरंजीवर बसले, विहारातल्या टीव्हीला मशीन जोडलं. कमानीचा फ्लेक्स भिंतीवर होताच.

बटण दाबलं. पंखे फिरले. टीव्ही काळा.

अध्यक्ष उठून उभे राहिले. त्यांच्या आवाजात खवचटपणा नव्हता, कीव होती, आणि ती मला जास्त लागली. "राहू द्या ताई. पुढच्या खेपेले पाहू. आज कमानीचं करून टाकू." मुलगा कानाशी कुजबुजला, "आई, घरी जाऊन बघू."

मी वायर काढली, मशीन आडवं केलं आणि सगळ्यांसमोर पत्रा उघडला. रिक्षाच्या धक्क्यांनी कार्डाचं टोक वर आलं होतं. साडीचा पदर खोचला, गुडघ्यांवर बसले आणि तळहाताने दाबायला घेतलं.

"अवो, हळू, ताई," अध्यक्ष पुढे आले. "तुटन नं ते."

"नाही तुटत, भाऊ. दाबावंच लागतं."

टक् आवाज पुढच्या रांगेपर्यंत गेला.

टीव्हीवर अभ्यासिका आली. दारातून आत शिरलं की टेबलांच्या रांगा, पूर्वेच्या खिडक्यांतून आलेलं सकाळचं ऊन, भिंतीला पुस्तकं. मागच्या सभेतले काका डोळे बारीक करून म्हणाले, "म्हंजे ते कपाट होतं का?" हो, मी म्हटलं, कपाट होतं. कोणीतरी विचारलं, चपला कुठे काढायच्या. दाराबाहेर जागा वाढवून दाखवली. मग मागून, भिंतीला टेकून बसलेल्या मुलींमधली एक बोलली. आमच्या जिन्यात बसणारी. "काकू, रस्त्याकडची खिडकी उंच करता येईल का? बाहेरून लोक डोकावतात."

मी ती खिडकी सगळ्यांच्या देखत वर सरकवली. ऊन तसंच आत येत राहिलं. त्या मुलीने मान हलवली, आणि बायका सतरंजीवरून पुढे सरकायला लागल्या.

अध्यक्ष टीव्हीकडे बघत उभे होते. एकदा त्यांनी वळून फ्लेक्सकडे पाहिलं, ढगांकडे, सिंहांकडे. मग घसा साफ केला. "ठीक आहे. हात वर करा. अभ्यासिकेले कोन?"

पुढचे काही हात वर गेले. मागे तेच झालं. हात खांद्यापर्यंत आले आणि थांबले. कोपरं अंगाला चिकटलेली, बोटं पदराशी. अध्यक्षांची नजर पुढच्या रांगांवरून फिरून परत निघाली होती.

मी गुडघ्यांवरून उठले. तळहाताला कॅबिनेटची काळी धूळ लागली होती, तोच हात मी डोक्याच्या वर नेला.

"अर्धे नाही," मी मागे वळून म्हटलं. "पूर्ण वर करा."

एकेक कोपर अंगापासून सुटलं. अध्यक्षांनी पुन्हा पहिल्यापासून मोजायला घेतलं, आणि या वेळी त्यांना मागच्या भिंतीपर्यंत मोजत जावं लागलं.